डोळे येतात ते नजरेनें नव्हे, हातानें

(करवीर तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



चांभाराची रांपी बोथट झाली तर ती घासतां येते. शेतकऱ्याचा बैल गेला तर कर्ज काढून कां होईना, दुसरा आणतां येतो. पण डोळा एकदां गेला कीं तो कोणत्याहि बाजारांत मिळत नाहीं. म्हणून आज डोळे येण्याविषयीं चार शब्द बोलावयास मी उभा आहें.

साथ आली कीं गांवांत एकच बोलणें ऐकूं येतें : "त्याच्या डोळ्यांत बघूं नको, तुझेहि येतील." २०२३ सालच्या पावसाळ्यांत महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हांहि हेंच. ज्याचे डोळे आले तो काळा चष्मा लावून बसला आणि घरचे निर्धास्त झाले. अहो, काळ्या चष्म्यानें त्याला उजेडाचा त्रास कमी होतो एवढेंच. दुसऱ्याचें त्यानें रक्षण होत नाहीं. बघितल्यानें डोळे येत असते, तर डोळे तपासणारा एकहि डॉक्टर धड राहिला नसता!

मग रोग जातो कसा? मागें मी एका घरीं गेलों होतों. माणसें सात आणि खुंटीवर पंचा एक. आईनें धाकट्याच्या डोळ्यांतलीं चिपडें पदरानें पुसलीं, त्याच पदरानें थोरल्याचें तोंड पुसलें. मग दृष्ट लागूं नये म्हणून डबींत बोट घालून तिघांच्याहि डोळ्यांत एकामागून एक काजळ घातलें. त्या माउलीच्या मायेंत कांहीं उणें नव्हतें. परंतु दृष्ट टाळणाऱ्या त्याच बोटानें रोग एका डोळ्यांतून दुसऱ्यांत नेला. हें तिला कोणी सांगितलेंच नव्हतें.

१८८३ सालीं रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर पटकीचा शोध करण्यास मिसर देशांत गेला होता. तेथें डोळे आलेल्यांच्या पुवांत त्याला सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं बारीक काडीसारखे जंतु दिसले. असेच जंतु हाताला, पंचाला, उशीच्या अभ्र्याला लागतात आणि तेथून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातात. कांहीं रोगांत माशीहि त्यांना वाहून नेते. गुऱ्हाळावर गुळाभोंवतीं घोंगावणारी माशी आपण हाकलतों. तीच लेंकराच्या डोळ्यावर बसली तर बघत राहतों!

आतां ओळखावें कसें? घट्ट पिंवळा किंवा हिरवट पू येतो, सकाळीं पापण्या चिकटून डोळे उघडत नाहींत, तेव्हां बहुधा जंतूंचा रोग समजावा. पाण्यासारखें पाणी गळतें, सोबत पडसें असतें, तेव्हां बहुधा विषाणूंचा. त्यावर जंतुनाशक थेंबांचा उपयोग नाहीं. २०२३ ची साथ बहुतांशीं अशीच होती. नुसती खाज सुटते तेव्हां पुष्कळदां धूळ किंवा परागांचें कारण असतें, तें लागट नव्हे. पण ही घरची ओळख झाली. संशय राहिला तर डॉक्टर कापसाच्या काडीवर पू घेतो, कांचेवर पसरून रंग देतो व यंत्राखालीं पाहतो; जंतु वाढवूनहि पाहतो.

खुपऱ्या हा तर जंतूंचा फार वाईट रोग. वरची पापणी उलटून पाहिली कीं आंत साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. लहानपणीं हा रोग पुनःपुन्हां झाला कीं पापणीला आंतून वण पडतात, केंस आंत वळतात आणि पापणी लवतांना दर वेळीं बुबुळ खरवडतात. शेवटीं आंधळेपण. यांत पुरुषांपेक्षां बायका अधिक आंधळ्या होतात, कारण लेंकरांचीं तोंडें त्याच पुसतात. या रोगाचा जंतु प्रयोगशाळेंत प्रथम वाढविला तो चीनमधील तांग फेइफान या शास्त्रज्ञानें. ती हकीकत १९५७ सालीं प्रसिद्ध झाली. हिंदुस्थान सरकारनें १९६३ सालीं खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम काढली, आणि २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग आतां येथें सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाहीं असें जाहीर केलें. हें कोणत्या नवसानें घडलें? मलम, पाणी आणि धुतलेलें तोंड यांनीं घडलें!

देवाला चांदीचे डोळे वाहणाऱ्यांची मी थट्टा करीत नाहीं. जो घाबरला तो वाहतो. पण जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापला, तो आपण कारण शोधावें म्हणून. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला, तो आपल्या लेंकरांनीं वाचावें म्हणून. वाचावयाचें तें डोळ्यांनींच ना?

तेव्हां एवढें करा. डोळ्याला हात लावण्यापूर्वीं व लावल्यावर साबणानें हात धुवा. आजाऱ्याचा पंचा व उशी वेगळी ठेवा, कढत पाण्यानें धुवा. काजळ डोळ्यांत घालूंच नका. पू थांबेपर्यंत मूल शाळेंत धाडूं नका. एकाच्या औषधाची बाटली दुसऱ्याला नको, आणि चिठ्ठीवांचून दुकानांतले थेंब मुळींच नकोत. डोळा ठणकतो, उजेड सोसत नाहीं, अंधुक दिसतें, बुबुळावर पांढरा ठिपका आला, किंवा महिन्याच्या आंतल्या बाळाच्या डोळ्यांतून पू येतो, तर त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठा, कोल्हापूरचें सी. पी. आर. रुग्णालय आपणासाठींच आहे. उसाचें पातें डोळ्याला लागलें तर तें डोळे येणें नव्हे, ती जखम आहे. तिलाहि उशीर नको.

आज घरीं गेल्यावर खुंटीकडे पाहा. पंचा एकच असेल तर त्याचे तुकडे करा आणि माणसागणिक एक वांटा. त्याला कर्ज काढावें लागत नाहीं.