डोंगरावरचा रस्ता आणि एक बंद दार



बौद्ध देश एकदा डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आहे. उत्तर थायलंडमधील चियांग माई प्रांत तुम्ही अवश्य पाहावा. मात्र जाताना श्रद्धेबरोबर विवेकही न्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

राजा मंगराय याने इ. स. १२९६ मध्ये वसविलेले हे नगर लान्ना राज्याची राजधानी होते. सभोवार दाट अरण्ये आहेत. थायलंडचे सर्वोच्च शिखर, २५६५ मीटर उंचीचे दोई इंथानोन, याच प्रांतात आहे. येथील वाट चेट योट हा सात शिखरांचा विहार बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवर बांधलेला आहे. राजा तिलोकराज याच्या काळी, इ. स. १४७७ मध्ये, तेथे त्रिपिटकाच्या शुद्धीसाठी भिक्षुसंघाची परिषद भरली. भारतात ज्या धम्माचा दीप मंदावला होता, तो तेथे असा जपला गेला, हे पाहून तुमचे मन भरून येईल.

नगराजवळच्या दोई सुथेप डोंगरावर प्रसिद्ध चैत्य आहे. पूर्वी तेथे पायवाटेनेच चढावे लागे. ख्रुबा सीविचाई या भिक्षूंनी रस्ता बांधण्याचे आवाहन केले. परवानगीवाचून प्रव्रज्या देतात, म्हणून वरिष्ठांनी ज्यांची चौकशी केली होती, तेच हे भिक्षू! त्यांच्या शब्दाखातर हजारो खेडूत कुदळ-फावडे घेऊन आले. नोव्हेंबर १९३४ मध्ये सुरू झालेला सुमारे अकरा किलोमीटरांचा रस्ता एप्रिल १९३५ मध्ये पुरा झाला. तो श्रमदानाने झाला. त्या रस्त्यावरून जाताना तुमच्या वस्तीतील अपुऱ्या विहाराची आठवण ठेवा.

आता दुसरी बाजू. वाट चेडी लुआंग या प्राचीन विहाराच्या आवारात नगरस्तंभाचे एक देवालय आहे. तेथे स्त्रियांना प्रवेश नाही. कारण सांगतात मासिक पाळीचे. विटाळ हा शब्द आपणांस नवा आहे काय? ज्या शब्दाने आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द तेथे आपल्या आई-बहिणींना दारात अडवितो. नगराचा रक्षक म्हणून स्तंभ पूजणे ही लोकरूढी आहे, बुद्धवचन नव्हे. महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश देणाऱ्या तथागतांच्या धम्मात विटाळाला जागा नाही.

म्हणून त्या देशाचा तिरस्कार करू नका. जेथे बुद्ध आहे तेथे रूढीही शिरते, हा धडा घ्या. ती आपल्याही विहारात शिरू शकेल. ज्या दारात तुमच्या मुलीला थांबविले जाते, त्या दारातून तुम्हीही आत जाऊ नका. परत येताना तो रस्ता मनात घेऊन या. ते बंद दार तेथेच सोडून या.

जय भीम!