डोंगरवाटेवरील मोटारसायकल : घरची देखभाल व किरकोळ दुरुस्ती

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला खेटून भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसले आहेत. त्यांपैकी वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. लोकांच्या बोलण्यात मात्र वेल्हे हे नाव अद्याप रुळलेले आहे. तोरणा आणि राजगड हे किल्ले, १९२८ साली पूर्ण झालेले भाटघरचे धरण, नीरा-देवघर, गुंजवणी व पानशेत यांचे जलाशय यांमुळे हा मुलूख सर्वपरिचित आहे. तथापि ज्या डोंगरांमुळे व जलाशयांमुळे तो प्रसिद्धी पावला, त्यांनीच येथील दळणवळण बिकट केले आहे. पलीकडच्या तीरावर डोळ्यांना दिसणारे गाव गाठण्यासाठी जलाशयाला मोठा वळसा घालावा लागतो. पाबे घाट, केळदकडे जाणारा चढ, हिर्डोशीवरून महाडकडे उतरणारा वरंधा घाट हे रस्ते पावसाळ्यात धुके, दरड आणि शेवाळ यांनी निसरडे होतात.

अशा प्रदेशात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर नेणे, लावणीच्या दिवसांत खताची गोणी आणणे, मुलांना परीक्षेच्या केंद्रावर पोहोचवणे ही सर्व कामे तिच्यावर होतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून सुरू आहे; परंतु जेथे ती पोहोचण्यास वेळ लागतो, तेथे सर्पदंश झालेल्या माणसाला मधे बसवून मोटारसायकलच मोठ्या रस्त्यापर्यंत आणते. म्हणून या वाहनाची निगा हा येथे जीविताचा प्रश्न ठरतो. दुरुस्तीची चांगली सोय भोर, नसरापूर किंवा थेट पुण्यास. वाडीवरच्या माणसाने एका सर्व्हिसिंगसाठी दिवस घालवायचा तर मजुरी बुडते, आणि म्हणून ते काम पुढे ढकलले जाते. घरच्या घरी आठवड्यातून अर्धा तास दिल्यास त्यातील बरेचसे काम उरकते. मात्र कोणते काम घरी करावे आणि कोणते करू नये, याचा विवेक हवा.

हा विवेक आज अधिक आवश्यक झाला आहे, कारण यंत्र बदलले आणि सवयी जुन्याच राहिल्या. एके काळी खेड्यापाड्यांत राजदूत, येझदी आणि बुलेट यांचे राज्य होते. अहमदनगरच्या कायनेटिक कारखान्याची लुना १९७२ साली आली आणि सायकलवाल्याच्या हाती इंजिन आले. राजदूत, येझदी आणि लुना ही टू-स्ट्रोक वाहने होत. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आल्यानंतर फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रसार वाढत गेला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे निकष लागू होताच बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन इंधन-इंजेक्शन आले. वडिलांकडून मुलाकडे आलेले गाडीचे ज्ञान बहुतांशी त्या पहिल्या काळातले आहे.

उतार आणि ब्रेक

या जुन्या सवयींपैकी सर्वांत घातक सवय म्हणजे घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे, किंबहुना इंजिनच बंद करणे. ‘तेवढेच पेट्रोल वाचते’ असे तिचे समर्थन केले जाते. या सवयीला एके काळी काही आधार होता, हे मान्य केले पाहिजे. राजदूतसारख्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. लांब उतारावर थ्रॉटल मिटून गाडी गिअरमध्ये ठेवली, तर इंजिन वेगाने फिरत असूनही त्याला पेट्रोल, आणि पेट्रोलबरोबर जाणारे ऑइल, पुरेसे मिळत नसे व पिस्टन जाम होण्याचे भय असे. त्यातून टू-स्ट्रोक इंजिनाचा अवरोधही कमीच असे. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल स्वतंत्रपणे तळाशी असते आणि ते सतत खेळते राहते. भय संपले, सवय मात्र राहिली. इंजेक्शनच्या गाडीत तर उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल मिटला की पेट्रोलचा पुरवठा बहुधा आपोआप तुटतो किंवा अगदी कमी होतो. त्यामुळे न्यूट्रलने होणारी बचत नाममात्र उरते.

याउलट धोका किती, ते एका साध्या हिशेबाने कळेल. गाडी, दोन माणसे आणि दुधाच्या किटल्या मिळून २८० किलो वजन धरले आणि घाटाचा उतार ३०० मीटर उंचीचा धरला, तर तेवढे वजन खाली येताना निर्माण होणारी उष्णता सुमारे अडीच लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी असते. गिअरमधील इंजिन या भाराचा मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये तो जवळजवळ सारा ब्रेकवर पडतो. ड्रम तापतो, लायनरची पकड सुटत जाते आणि शेवटच्या वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जाणत्या चालकांचा नियम आहे. ब्रेक सतत दाबून न धरता वळणाआधी दाबावा, वेग कमी होताच सोडावा.

ब्रेकची तपासणी पावसाळ्यापूर्वी अवश्य करावी. मागील ड्रमवर एक लहान बाण व त्यासमोर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण खुणेपर्यंत पोहोचला, तर लायनर संपले असे समजावे. मग नट आवळून काम भागवू नये. पेडलला थोडा मोकळा खेळ असणे जरूर आहे. तो सर्वस्वी नाहीसा केल्यास लायनर ड्रमला घासत राहतो आणि चाक विनाकारण तापते. किती खेळ ठेवावा, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका कागदपत्रांच्या पिशवीत पडून न राहता घरात हाताशी असावी. ड्रम उघडल्यास आतील भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती फुफ्फुसास अपायकारक असते. लायनरला ऑइल किंवा ग्रीसचा स्पर्शही होता कामा नये. ओढा ओलांडल्यावर ब्रेक ओले होतात; पुढे काही अंतर सावकाश चालवत ते हलके दाबून वाळवावेत आणि मगच उताराला लागावे.

डिस्क ब्रेकच्या बाबतीत घरी फक्त पाहण्याचे काम करावे. हँडलवरील लहान काचेतून द्रवाची पातळी दिसते. ती खालच्या रेषेखाली असल्यास पॅड झिजले आहेत अथवा कोठे तरी गळती आहे. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि काही काळाने घाटातील उष्णतेने उकळू लागतो. मग लिव्हर पोकळ लागते. तो बदलणे, त्यातील हवा काढणे ही कामे जाणकार मेकॅनिकचीच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक एकत्र जोडणारी रचना किंवा एबीएस, आणि त्यावरील गाड्यांत एबीएस अनिवार्य झाले. जोडलेल्या ब्रेकमध्ये एका बाजूचा नट फिरवला की दुसऱ्या बाजूचा तोल बिघडू शकतो, हे ध्यानी ठेवून तेथे हात घालू नये.

चेन, ऑइल आणि प्लग

चिखलणीच्या दिवसांत सर्वांत हाल होतात ते चेनचे. बांधावरचा राडा आत शिरतो, त्यातील वाळू कड्यांना कानसाप्रमाणे झिजवते. रॉकेलच्या किंवा डिझेलच्या फडक्याने चेन पुसावी, ती सुकू द्यावी आणि ब्रशने ९० नंबरचे ऑइल लावून जास्तीचे पुसून काढावे. चेनमध्ये रबरी रिंगा असल्यास पुस्तिकेत सांगितलेलेच द्रव्य वापरावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल चेनला चोपडण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्यात धातूचा बारीक कीस असतो, शिवाय ते उडून मागच्या टायरवर येते. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत करावे. गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन सुरू ठेवून फिरत्या चेनला फडके धरणाऱ्यांची बोटे स्प्रॉकेटमध्ये सापडून तुटतात. या एका बाबतीत कोणतीही सवलत नाही.

चेनचा सैलपणा खालच्या बाजूस, दोन स्प्रॉकेटच्या मध्यावर मोजावा. लहान मोटारसायकलींत तो सामान्यतः २० ते ३० मिलिमीटर असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहून जेथे चेन सर्वांत ताठ लागेल तेथील माप धरावे. ॲक्सलचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत व खुणा जुळवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते : चाक मागे सरकले की मागील ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि पेडलचा खेळ कमी होतो. म्हणून चेन ताणल्यावर ब्रेक पुन्हा तपासलाच पाहिजे. चेनला लॉक असल्यास त्याच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावण्याच्या दिशेस असावे.

इंजिन ऑइलची पातळी सपाट जागी, गाडी सरळ उभी करून पाहावी. फोर-स्ट्रोक मोटारसायकलीत बहुधा क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तेव्हा ट्रॅक्टरसाठी आणलेले उरलेसुरले ऑइल तीत ओतल्यास क्लच घसरू लागतो व भरल्या ओझ्याने गाडी घाटच चढत नाही. लहान गाडीला लागणारे ऑइल जेमतेम १ लिटर. त्यात काटकसर ती कसली? काढलेले ऑइल ओढ्यात अगर खाचरात न टाकता डब्यात साठवून गॅरेजवर द्यावे. या तालुक्यांतील प्रत्येक ओढा शेवटी कोणत्या ना कोणत्या धरणाला मिळतो.

पावसात गाडी सुरू होईनाशी झाली की किक मारून माणूस घामाघूम होतो. अशा वेळी प्रथम प्लगची टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावी. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. प्लग काढायचा तर इंजिन गार झाल्यावर, त्याच्याच पान्याने. बसवताना पहिले आटे बोटांनी फिरवावेत, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि तिरक्या गेलेल्या प्लगने त्याचे आटे कायमचे जातात. एअर फिल्टर स्पंजचा असल्यास धुता येतो. कागदी, त्यातही तेलकट कागदाचा फिल्टर धुऊ नये, बदलावा. जुन्या गाडीला बॅटरीवाचूनही किकने सुरू होण्याची सवय होती. इंजेक्शनच्या गाडीतील पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो, ती पूर्ण उतरली तर गाडी ढकलूनही बहुधा उपयोग होत नाही. यासाठी टर्मिनलवरील पांढरा थर कोमट पाण्याने काढून, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. इंजेक्शन व सेन्सर यांच्या जोडण्या मात्र उघडू नयेत. धुलाईचा जोरदार फवाराही तिकडे मारू नये.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. टाकीत पावसाचे पाणी उतरले तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाशी बसते आणि गाडी आचके देऊ लागते. टाकीच्या झाकणाचे रबर फाटले असल्यास ते पावसाआधी बदलावे, आणि अनेक दिवस उभी राहणारी गाडी वळचणीखाली न ठेवता पडवीत घ्यावी.

वाटेवरची शिदोरी

टायरची हवा गार टायरमध्ये, ओझ्याच्या मानाने पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. पेट्रोलपंप दूर असल्याने वाडीत चार घरांनी मिळून एक पायपंप आणि हवेचे मापक घ्यावे, हे परवडणारे आहे. टायरच्या खाचांतील झिजेची खूण पृष्ठभागाशी आली की टायर बदलावा; उन्हाळ्यात तो चालेलही, शेवाळलेल्या घाटात चालणार नाही. क्लचची वायर लिव्हरजवळ तुटते. तिचा एक जरी धागा सुटलेला दिसला तरी ती बदलावी. कागदाची पुरचुंडी वायरच्या तोंडाशी बांधून त्यात ऑइलचे काही थेंब रात्रभर सोडण्याची जुनी युक्ती साध्या वायरींसाठी उत्तम आहे.

सीटखाली किंवा डिकीत प्लग आणि प्लगपाना, ॲक्सलच्या मापाचा पाना, पक्कड, क्लचची एक वायर, चेनचे लॉक, कोरडे फडके आणि टॉर्च एवढे सामान असावे. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर बुजवण्याच्या बत्त्या व लहान पंप. एवढ्याने गाडी सुरू झाली नाही, अथवा ब्रेक लागेनासे झाले, तर ती रस्त्याच्या डोंगराकडील कडेला, दरड नसलेल्या जागी उभी करावी. दुसऱ्या मोटारसायकलीला दोरीने बांधून ती घाटातून ओढत आणू नये. दोरी चाकात जाते आणि दोन्ही गाड्या दरीकडे खेचल्या जातात. सकाळी किंवा संध्याकाळी दुधाचा टेम्पो त्याच रस्त्याने खाली येतो, त्यात गाडी चढवून भोर किंवा नसरापूर गाठावे.