चैत्राची गुढी आणि चैत्रगौरीचे आमंत्रण
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



नववर्षाच्या आपल्या चालीरीती आणि त्यांचा अर्थ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय आपणां सर्वांच्या घरचा आहे. पाडव्याला काय करतात, हे या सभेत मी कोणाला सांगावे? मतभेद असलाच तर तो श्रीखंड की पुरणपोळी एवढ्यापुरताच! तेव्हा काय करतात हे बाजूला ठेवून, आपण ते का करतो आणि ते करताना कोणाला बाहेर ठेवतो, एवढ्या दोनच प्रश्नांचा आज विचार करू.

प्रथम पाडव्याच्या तारखेविषयी. मुले नेहमी विचारतात, "आई, दिवाळी-पाडवा दरवर्षी मागेपुढे का होतो?" २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. याचे कारण असे की, आपले महिने चंद्रावर चालतात आणि ऋतू सूर्यावर. चंद्राचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे सूर्याच्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. हा फरक तसाच साचू दिला असता, तर चैत्र कधी पावसाळ्यात आणि कधी थंडीत आला असता. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. मागे पडलेल्याची अशी वाट पाहून, त्याला बरोबर घेऊन पुढे जाणारी ही कालगणना आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

पाडव्याला शालिवाहन शकाचे नवे वर्ष लागते. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो. २०२५ च्या पाडव्याला शके १९४७ सुरू झाले. कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीच्या सैनिकांत प्राण घातले आणि शत्रूचा पराभव केला, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. इतिहासाचे अभ्यासक सांगतात की, हा शक आधी क्षत्रप राजांच्या लेखांत दिसतो आणि शालिवाहनाचे नाव त्याला पुष्कळ पुढे जोडले गेले. म्हणून कथेची गोडी कमी होते असे नाही. पायाखालच्या मातीलाही उभे करता येते, हाच तिचा अर्थ. कोणी म्हणतात ब्रह्मदेवाने या दिवशी सृष्टी निर्माण केली, कोणी म्हणतात श्रीराम अयोध्येस परतले. प्रत्येक कथेत कोणीतरी नव्याने उभे राहते किंवा दूर गेलेले घरी येते.

आता गुढी पाहा. वेळूची काठी, तिला खण किंवा साडी, कडुनिंबाचा डहाळा, फुलांचा हार, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्या. यातले काय विकत आणावे लागते? काठी आणि गाठी, बस्स. बाकीचे सगळे घरातले आणि परसातले. हा सण गरिबाच्या दारातही तितकाच शोभतो, तो यामुळेच. गुढी हा शब्दही फार जुना आहे. तो ज्ञानेश्वरीत आहे. चोखोबांच्या अभंगातही पंढरीची वाट चालताना गुढी उभारण्याचे बोलणे आहे. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांनी आनंदाची गुढी उभारण्यास सांगावे, यावर आपण क्षणभर विचार करावा.

त्यानंतर कडुनिंब. कोवळा पाला किंवा फुलोरा, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ यांची चटणी सकाळी सर्वांनी खायची. कर्नाटकात याच दिवशी बेवू-बेल्ला, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, देतात. आंध्र-तेलंगणात उगादीच्या पच्चडीत सहाही रस असतात. सिंधी बांधवांचा चेटीचंड याच सुमारास येतो आणि काश्मिरी पंडितांचा नवरेहही चैत्राच्या प्रतिपदेलाच. नावे निराळी असली, तरी वसंताच्या दारात उभे राहून नव्या वर्षाचे स्वागत करणे तेच. कडू आणि गोड दोन्ही घेऊन वर्ष सुरू करावे, एकाला ताटाबाहेर ठेवू नये, हीच ती शिकवण.

याच महिन्यात पाणपोई घालणे हे मोठे पुण्य मानले आहे. उन्हाळा लागतो, म्हणून वाटसरूला पाणी द्यावे. किती सुंदर चाल! परंतु त्याच आपल्या समाजाने पाण्यालाही कुंपण घातले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा चाल चांगली असली एवढ्याने भागत नाही. ती कोणापर्यंत पोहोचते, हेही पाहावे लागते.

आणि इथे मी आपल्या मंडळाच्या दारात येते.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. अंगणात चैत्रांगण रेखायचे, कैरीची डाळ वाटायची, पन्हे करायचे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. गौर माहेरी आली आहे, तिचे कोडकौतुक करायचे. माहेरी आलेली लेक! आता मला सांगा, माहेरी आलेल्या लेकीला कोणती आई विचारते, "तुझा नवरा आहे ना? मगच आत ये"? पण हळदीकुंकवाच्या दिवशी आपण नेमके हेच विचारतो, फक्त तोंडाने विचारत नाही एवढेच. आमंत्रण "सुवासिनींना" जाते. कैऱ्या किसायला, पन्ह्यासाठी गूळ चिरायला ज्या पहाटेपासून येतात, त्यांतल्या काही जणी दिवेलागणीला पाहुण्या येऊ लागल्या की हात पुसतात आणि मागच्या दाराने घरी जातात. त्यांना कोणी जा म्हणत नाही. त्यांना ठाऊक असते.

२०११ च्या जनगणनेत देशातील विधवा भगिनींची संख्या चार कोटींहून अधिक होती. हा काही चार घरांचा प्रश्न नाही. आणि आपल्यापैकी कोणावर उद्या काय प्रसंग येईल, हे कोणत्या पंचांगात लिहिलेले असते?

काही वडीलधाऱ्या भगिनी म्हणतील, "ही रूढी आहे, ती मोडू नये." त्यांचा मान राखून मी एवढेच म्हणते की, याच महाराष्ट्रात केशवपन ही रूढी होती. पुनर्विवाहाला १८५६ सालीच कायद्याने मान्यता मिळाली होती, तरी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला. पुढे त्यांनीच १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि समाजाने त्यांना महर्षी म्हटले. केशवपन गेले, धर्म बुडाला नाही. उलट आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यावरचा पदर सुखाचा झाला.

अगदी अलीकडची गोष्ट घ्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या चाली गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना या वाटेने जाण्याचे आवाहन केले. जे एका खेड्याला जमले, ते आपल्या शिकलेल्यांच्या मंडळाला जमू नये काय?

दुसरी एक शंका याहून नाजूक आहे. "त्यांनाच नको असेल तर? कुंकू पुढे केले आणि त्यांना वाईट वाटले तर?" ही शंका मायेपोटी आलेली आहे, म्हणून तिचे उत्तरही मायेनेच द्यावे. बळजबरी कोणी कोणावर करू नये. करंडा सर्वांपुढे धरावा. जिला लावून घ्यायचे असेल ती घेईल, जिला नको असेल तिला फूल द्यावे, अत्तर लावावे. डाळ, पन्हे आणि ओटी मात्र सर्वांना सारखी. आत यायचे की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावे. आपण आधीच दार लोटून घेऊन तिच्या वतीने ठरवू नये. आणि एकदाच बोलावून थांबू नये. जी वर्षानुवर्षे मागच्या दाराने गेली, ती पहिल्या आमंत्रणाला पुढच्या दाराने येईलच असे नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तिच्या घरी जावे, तिसऱ्या वर्षी पुन्हा जावे.

अधिक महिन्याची गोष्ट लक्षात ठेवायला मी सांगितले होते, ते यासाठीच. मागे राहिलेल्यासाठी ज्यांच्या पंचांगाने जागा करून ठेवली, त्यांच्या दिवाणखान्यात ती का नसावी?

तेव्हा आजच्या मंगल दिवशी माझी मंडळाला तीन लहानशा गोष्टींची विनंती आहे. पहिली, यंदाच्या चैत्रगौरीच्या आमंत्रणातून "सुवासिनींना" हा शब्द काढून "सर्व भगिनींना" असे लिहावे. दुसरी, ते आमंत्रण नुसते फलकावर न लावता, ज्या आजवर येत नव्हत्या त्यांच्या घरी दोघी-दोघींनी जाऊन द्यावे. तिसरी, मंडळाच्या दारातील गुढी पाळीपाळीने सर्व सभासदांच्या हातून उभारावी आणि त्या पाळीत कोणाचेही नाव गाळू नये. यांपैकी एकाही गोष्टीला मंडळाच्या तिजोरीतून पैसा लागणार नाही. लागेल ते थोडे धैर्य, आणि तेही पहिल्याच वर्षी.

 नवे वर्ष आपणां सर्वांना, अगदी सर्वांना, सुखाचे जावो.