ती झोप नव्हे!

(जळगाव येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु पत्रकारितेत अपघातांच्या बातम्या लिहिताना एक वाक्य नातलगांच्या तोंडून वारंवार ऐकले : ‘चांगला बोलत होता हो, मग झोपला. म्हटले, झोपू द्यावे.’ त्या झोपेविषयीच आज बोलावयाचे आहे.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकमेकांस छेदतात. दुसरा पुढे जळगावातून जातो. डोक्याला मार लागलेला रुग्ण खानदेशात कोणालाही अपरिचित नाही.

कवटी ही हाडांची बंद पेटी. तीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव. आत रक्त साकळले वा मेंदू सुजला, की प्रथम द्रव व रक्त बाहेर सरून जागा करून देतात. ही सोय संपली, की अल्पशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. बोलता माणूस गुंगीत जातो तो यामुळेच.

रक्ताला या दाबाविरुद्ध मेंदूत शिरावे लागते. सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतील दाब २० असेल, तर रक्त पुढे ढकलण्यास ७० उरतात. आतला दाब ४० झाला, तर केवळ ५०. हे आकडे मिलिमीटर पाऱ्याचे. किमान ६० तरी उरावेत, हा अतिदक्षता विभागातील प्रयत्न असतो. आतला दाब २२ च्या वर गेल्यास उपचार वाढवितात : डोक्याकडील बाजू ३० अंश उंच, मान सरळ, गुंगीची औषधे, कृत्रिम श्वास, मॅनिटॉल किंवा तीव्र क्षारद्रावण, शेवटी कवटीचा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूस जागा देणे.

दाब मोजण्यासाठी मेंदूच्या पोकळीत नळी घालण्याची पद्धत स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये सविस्तर मांडली. ही सोय सर्वत्र नसते. मग जिल्ह्याच्या ठिकाणचा रुग्ण निराधार समजावा काय? मुळीच नाही. बोलिव्हिया व इक्वेडोर येथील ३२४ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कवटीतील दाब मोजून केलेले उपचार हे बारकाईने तपासणी व सी.टी. स्कॅन करून केलेल्या उपचारांहून सरस ठरले नाहीत. याचा अर्थ यंत्र व्यर्थ, असा नव्हे. दक्षतेला पर्याय नाही, असा आहे. बाहुल्या पाहणारी, हाक मारून शुद्ध तपासणारी परिचारिका रात्रभर तेच व्रत पाळीत असते.

ती दक्षता घरापासून सुरू व्हावी. मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, असंबद्ध बोलणे वा गुंगी दिसताच १०८ ला दूरध्वनी करा. गुंगीतल्या माणसाला पाणी पाजू नका. आणि सकाळची वाट पाहू नका. ती झोप नव्हे.