जखमी जवानाची सोबत



युद्ध संपले तरी जखमी जवानाचा लढा संपत नाही. रुग्णालयात जखम भरून येते. परंतु पलटणीची सोबत सुटल्यावर येणारे एकाकीपण औषधाने जात नाही.

पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पिंपरीच्या टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली. २०१८ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. पाण्याने शरीर सावरले, कामाने संसार सावरला.

पिंपरीजवळच खडकी येथे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था अपंग जवानांना व्यवसायशिक्षण देते. खडकीच्याच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात १९७४ पासून कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांना आसरा मिळत आहे. ते चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. समदुःखी सोबत्यांत आपली व्यथा समजावून सांगावी लागत नाही.

गावी परतलेल्या जवानाला मात्र अशी सोबत क्वचितच लाभते. १५ ऑगस्टला हार घातला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी एक उतार, शाळेच्या मैदानावर मुलांना खेळ शिकविण्याचा मान आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी त्याच्या वतीने पत्रव्यवहार करणारा एखादा शिक्षक, एवढे प्रत्येक गावाला शक्य आहे.