नाताळची झाडं घेऊन बुडालेलं गलबत

अमेरिकेतलं मिशिगन सरोवर म्हणायला तळं, पण लांबी जवळजवळ ५०० किलोमीटर. नोव्हेंबरात तिथं असं वादळ उठतं की समुद्रानं हात टेकावेत.

याच सरोवरात फिरणारं ‘राउझ सिमन्स’ हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी गलबत १८६८ साली मिलवॉकीत बांधलं गेलं. आयुष्यभर लाकूड वाहिलं. शेवटी कप्तान हर्मन शूनेमन ते नाताळच्या झाडांसाठी वापरू लागला. शिकागोत क्लार्क रस्त्याच्या पुलापाशी नांगर टाकायचा आणि डेकवरूनच विक्री. मधला दलाल नको, म्हणून भावही परवडणारा. त्याचा थोरला भाऊ याच धंद्यात १८९८ साली बुडाला होता. तरी हा थांबला नाही. पोटाचा प्रश्न होता.

नोव्हेंबर १९१२. ४४ वर्षांचं जुनं गलबत, गच्च भरलेला माल आणि बर्फाळ वारा. २३ तारखेला काठावरच्या किवॉनीच्या बचावकेंद्रातून ते दिसलं: पाण्यात खोल दबलेलं, संकटाची खूण म्हणून निशाण अर्ध्यावर. तिथं इंजिनाची बोट नव्हती. शेजारच्या टू रिव्हर्सहून ती येईपर्यंत गलबत दिसेनासं झालं. कुणीही वाचलं नाही.

१९२४ साली कोळ्यांच्या जाळ्यात कप्तानाचं पाकीट आलं, मेणकापडात गुंडाळलेलं, आतले कागद शाबूत! १९७१ मध्ये पाणबुड्याला सुमारे ५० मीटर खोलीवर गलबतच सापडलं. खारं पाणी असतं, तर किड्यांनी लाकूड पोखरलं असतं. या थंड, गोड्या पाण्यात गलबताच्या पोटातली झाडंसुद्धा टिकली होती.

कप्तानाची बायको बार्बरा आणि मुलींनी झाडांचा धंदा पुढं कित्येक वर्षं चालवला.