विचारायला येतात त्यांना आपणही विचारूया

भाकऱ्या उरकून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्यांना आमच्या बचत गटांच्या वतीने रामराम. कर्ज, व्याज, वसुली हे आपले रोजचे विषय. आज मात्र आपण आरोग्याच्या संशोधनावर बोलणार आहोत. म्हणजे गावात येऊन आपली तब्येत विचारणारे, वजन-उंची मोजणारे, रक्त नेणारे लोक येतात ना, त्यांच्याबद्दल.

हा विषय निघाला आमच्या एका बैठकीत. हजेरी झाली, हप्ते गोळा झाले. उठता उठता एका ताईने विचारलं, "तीन वर्षांमागं शाळेत आमचं रगत नेलं होतं, त्याचं पुढं काय झालं?" आम्ही समन्वयक एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

झालं होतं असं. त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास एक पथक गावात आलं होतं. बायांच्या रक्ताचा अभ्यास करायचाय, पन्नास-साठ बाया गोळा करून द्या, असं आम्हाला सांगितलं. आम्ही घरोघर फिरून बाया आणल्या. "कशाला?" असं कुणी विचारलं, तर "काही होत नाही, एक सुई टोचतात, सही करा" असं आम्हीच सांगितलं. कागदावर काय लिहिलंय ते आम्हीही वाचलं नव्हतं. रक्त घेतलं, प्रत्येकीला स्टीलची एकेक वाटी दिली आणि गाडी गेली ती गेलीच.

ही ताई दिवाळीनंतर नवऱ्यासोबत टोळीत ऊसतोडीला गेली. पौषात एका दिवशी डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे निघाली आणि फडातच कोसळली. दवाखान्यात नेलं तर रक्त भरलं सहा. बाईचं रक्त बाराच्या वर असावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी तपासलं होतं का? ती म्हणाली, "तपासलं होतं की, तीन महिन्यांमागं." रिपोर्ट कुठाय? तो तिला कुणी दिलाच नव्हता. रक्ताच्या पिशव्या चढवल्या, म्हणून ताई वाचली. पण उचल फिटली नाही, आणि पुढचा हंगाम त्याच कर्जावर गेला.

बैठकीत ती पुढे म्हणाली, "माझं रगत कमी हाय हे त्यांना कळलं होतं. मग मला का नाही सांगितलं?" या प्रश्नानं आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. बाया गोळा करून दिल्या होत्या आम्ही. त्या पथकाची चूक होतीच, पण न विचारता हो म्हणण्याची चूक आमची होती. तिची भरपाई म्हणून हे भाषण आहे असं समजा.

आधी एक फरक समजून घेऊ. शिबिरात डॉक्टर आपल्याला तपासतात ते आपल्या उपचारासाठी. संशोधनात अनेकांची माहिती एकत्र करून एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधतात. त्याचा फायदा लगेच आपल्यालाच होईल असं नाही. कदाचित दहा वर्षांनी आपल्या लेकीला होईल. त्यात वाईट काही नाही. मात्र हे आपल्याला आधी सांगायला हवं, आणि आपण समजून-उमजून हो म्हणायला हवं.

संशोधन नकोच, असं मात्र म्हणू नका. आपल्याच महाराष्ट्रातली दोन उदाहरणं ऐका.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जाई. तिच्या बाकीच्या दुखण्यांची मोजदाद कुणी केली नव्हती. डॉ. राणीताईंनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना अंगावरचा, गर्भाशयाचा किंवा पाळीचा काही ना काही आजार निघाला. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांना खेड्यातल्या बाईच्या दुखण्याची दखल घ्यावी लागली. हे कशामुळे झालं? पोटात ठेवलेलं दुखणं त्या बायांनी विश्वासाने सांगितलं म्हणून.

याच संस्थेने दवाखाना बांधताना आदिवासींना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, घरच्या माणसांना सोबत राहू देत नाहीत, तिथे आमचा देव नाही. मग दवाखाना गावासारखा झोपड्यांचा बांधला, नातेवाइकांना राहायची सोय केली आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. लोक येऊ लागले. आधी विचारलं नसतं तर कदाचित मोठी इमारत बांधली असती आणि ती रिकामी राहिली असती.

दुसरं उदाहरणही तिथलंच. त्या भागात हजार जन्मांमागे साधारण ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९३ पासून ३९ गावांत एक अभ्यास झाला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया निवडल्या. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, आईला दूध पाजायला मदत करायची, श्वास मोजायचा, जंतुदोष ओळखून औषध द्यायचं, हे त्यांना शिकवलं. प्रत्येक बाळाची नोंदही त्याच ठेवत. आई आणि आजी त्यांना घरात घेत, कारण त्या परक्या नव्हत्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तो आकडा ६२ वरून २५ च्या आसपास आला. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत देशभर आशाताईंच्या हाती दिली. आज दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते ना? त्या भेटींमागे गडचिरोलीतल्या त्या बायांचं काम आहे.

आता आमच्याच गावात परत येऊ. गेल्या वर्षी एका कॉलेजचं दुसरं पथक आलं. बायांचे आजार आणि अशक्तपणा यांचा अभ्यास करायचा होता. या वेळी आम्ही म्हणालो, आधी आमच्या बैठकीत या, तुमचे प्रश्न आम्हाला वाचून दाखवा. ते आले, खाली सतरंजीवर बसले. आणि त्यांच्या कागदात आम्ही तीन बदल करून घेतले.

पहिला बदल शब्दांचा. कागदावर प्रश्न होता, "योनीमार्गातून अनैसर्गिक स्राव होतो का?" वीस बायांना विचारलं, वीसही जणी नाही म्हणाल्या. मग आमच्यातली एक जुनी सुईण म्हणाली, "अहो ताई, अंगावरून पांढरं जातं का असं विचारा की." तसं विचारल्यावर निम्म्या बायांनी माना खाली घातल्या आणि हो म्हणाल्या. लेकराचा न्यूमोनिया कुणाला कळला नव्हता, पण 'पोट उडतंय का' हे सगळ्यांना कळलं. जुन्या शब्दांवर अभ्यास झाला असता तर या गावात कुणालाच काही दुखणं नाही, असं छापून आलं असतं.

दुसरा बदल वेळेचा. त्यांना अभ्यास मार्गशीर्षात करायचा होता. आम्ही म्हणालो, तेव्हा गावात राहतं कोण? म्हातारी माणसं, आणि ज्यांची शेती बागायती आहे ती घरं. ज्या बायांचं अंग सगळ्यात जास्त खंगलंय त्या तर फडावर असतात. त्यांना सोडून केलेला अभ्यास गावाचा कसा म्हणायचा? पथकाने मान्य केलं आणि टोळ्या परतल्यावर, पाडव्यानंतर काम सुरू केलं.

तिसरा बदल घरच्या माणसांचा. सुनेला सासूसमोर प्रश्न विचारले तर सून काय बोलणार? म्हणून प्रत्येकीशी एकटीने बोलायचं ठरलं. पण सासूला दाराबाहेर ठेवून घर आपलं होत नाही. मग सासवांची वेगळी बैठक घेतली, एक बैठक पारावर पुरुषांची घेतली. सासवांच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "आमच्या येळंला कुणी इचारलंच नाही. माझं अंग बाहेर येतंय, बारा वर्षं झाली." त्यांचं वय अभ्यासाच्या यादीत बसत नव्हतं. पथकाने वयाची अट वाढवली, आणि आजींना जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं ते वेगळं.

आमचं एक म्हणणं मात्र त्यांनी ऐकलं नाही. ज्यांचं रक्त कमी निघेल त्यांची नावं आम्हाला द्या, आम्ही गटातून पाठपुरावा करू, असं आम्ही म्हणालो होतो. त्या डॉक्टर ताई म्हणाल्या, "रिपोर्ट ज्या बाईचा, तिच्याच हातात देणार. तिला वाटलं तर ती तुम्हाला दाखवेल." तेव्हा आम्हाला राग आला. नंतर पटलं. एखादीचा आजार गावभर झाला तर तिला घरात काय सोसावं लागतं हे आपल्याला ठाऊक आहे. समन्वयक झालो म्हणून तिच्या अंगाचा हिशोब आपल्याकडे येत नाही.

आपल्या देशात यासाठी नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली माणसांवरच्या संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांच्या आधारे कोणतं पथक आलं तरी ही सहा गोष्टी विचारा. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, नैतिक समितीची मंजुरी आहे का? ही समिती अभ्यास माणसांना धोक्याचा नाही ना हे पाहते. तिच्यात डॉक्टरांशिवाय कायदा जाणणारी आणि सर्वसामान्यांमधली व्यक्तीही असावी लागते.

दुसरी, अभ्यास कशासाठी, त्यात काय करणार, त्रास काय होऊ शकतो? हे आपल्या भाषेत सांगितलं पाहिजे आणि माहितीच्या कागदाची प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे. वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवताना पथकाबाहेरचा, वाचता येणारा साक्षीदार हवा. मगच अंगठा.

तिसरी, नाही म्हटलं तर चालेल का? चाललंच पाहिजे. मधूनच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे आपले नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सरपंचांनी किंवा आम्ही हो म्हटलं म्हणजे तुम्ही हो म्हटलं असं होत नाही. मोठ्या बाईची संमती तिची तिनेच द्यायची. नवऱ्याशी बोलावं, पण तिच्याऐवजी त्याची सही चालत नाही.

चौथी, आमचं रक्त, आमची माहिती कुठे ठेवणार, नाव गुप्त राहील ना? उरलेलं रक्त दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असाल तर तेही आधी सांगा.

पाचवी, अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?

आणि सहावी, आमच्या ताईची. माझा रिपोर्ट मला कधी मिळणार? काही गंभीर निघालं तर कुणाकडे पाठवणार? आणि अभ्यास संपल्यावर गावात येऊन काय सापडलं ते सांगणार का?

हे विचारल्यावर चांगलं पथक रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. जे रागावतील त्यांना चहा पाजा आणि रस्ता दाखवा.

गेल्या आषाढात ते दुसरं पथक परत आलं. त्याच शाळेत बैठक झाली. कुणाचंही नाव न घेता गावात काय सापडलं ते त्यांनी सांगितलं. बायांनी प्रश्न विचारून त्यांना दमवलं. आधीच प्रत्येकीच्या हातात तिचा रिपोर्ट पडला होता. आमच्या ताईनेही या वेळी रक्त दिलं होतं. द्यायच्या आधी तिने सगळा कागद लेकीकडून दोनदा वाचून घेतला, मग सही केली. तिचं रक्त दहा निघालं. अजून कमीच आहे. पण या वेळी तिला ते फडावर जायच्या आधी कळलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात, आणि यंदा मोळी उचलायची की नाही हे ती आणि तिचा नवरा बसून ठरवणार आहेत.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या. आपल्या गावात संशोधनाला कुणीही आलं तर आधी गटाच्या बैठकीत येईल, हे सहा प्रश्न विचारले जातील, आणि मग जिला वाटेल ती हो म्हणेल. आम्ही आमच्या ठराव वहीत तो लिहिलाय. सूचक म्हणून सही आहे त्या ताईची.

येतो आम्ही. तब्येतीला जपा. रामराम.